औषध धोरणात नागरिकांचा आवाज: नागरिक परिषद की समितीतली जागा?

सरकारी खर्चाने कोणती औषधं द्यायची, हे ठरवताना सामान्य माणसाला कुठे बसवायचं? कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने 2006 च्या औषध कायद्यात दोन्ही वाटा ठेवल्या: औषधांचं मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञ समितीत रुग्णांचे दोन प्रतिनिधी आणि त्याशिवाय वेगळी नागरिक परिषद.

समितीतल्या जागेचा फायदा उघड आहे. निर्णय होतो त्याच टेबलावर आपण असतो. गोळीने वेदना किती कमी झाली, हे आकडे सांगतात. पण दर आठवड्याला सलाईनसाठी रोजगार बुडतो, हे रुग्णच सांगणार. अडचण संख्याबळाची. डॉक्टर, औषधतज्ज्ञ, अर्थतज्ज्ञ यांच्या भाषेत दोघांनी किती रेटून बोलायचं?

परिषद एकेका औषधावर मत देत नाही. तिच्यापुढे नैतिक मूल्यांचे प्रश्न येतात. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने 2002 मध्ये 30 सामान्य नागरिकांची अशी परिषद नेमली होती. अत्यंत दुर्मीळ आजारावरच्या महागड्या औषधासाठी जास्त पैसे मोजावेत का, असे प्रश्न तिने चर्चेला घेतले. हे प्रश्न विज्ञानाचे नाहीतच, म्हणून तिथे करदात्याचं मत तज्ज्ञाइतकंच मोलाचं. पण परिषद फक्त सल्ला देते. अहवाल फायलीत पडून राहू शकतो.

एकच निवडायचं झालं तर मी समितीतली जागा निवडेन, पण दोन नव्हे, निदान चार. आणि परिषद नेमायचीच असेल, तर तिच्या प्रत्येक शिफारशीला मंत्र्यांनी लेखी उत्तर देणं कायद्याने बंधनकारक हवं.