सी मधली स्ट्रिंग: अ‍ॅरे घ्यावा की पॉइंटर?

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘पुणे’ ही स्ट्रिंग (मजकूर) कॅरेक्टर अ‍ॅरेत, म्हणजे मेमरीतल्या सलग बाइटांच्या जागेत, ठेवली की तिची स्वतःची प्रत तयार होते. हवं ते बाइट बदला. पॉइंटरला (पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलला) मात्र फक्त लिटरलचा, म्हणजे कोडमध्ये अवतरणात लिहिलेल्या मजकुराचा, पत्ता मिळतो. तिथे लिहायला गेलात तर काय होईल याची हमी नाही. लिनक्सवर बहुधा सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. म्हणून असा पॉइंटर कॉन्स्ट (न बदलता येणाऱ्या) मजकुराचाच, म्हणजे const char * असा हवा, यात तडजोड नको.

साइझऑफ (किती बाइट लागतात ते सांगणारा ऑपरेटर) लावून पाहा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत अ‍ॅरे १३ बाइटचा भरतो: प, उकार, ण, मात्रा यांचे प्रत्येकी ३ आणि शेवटचं शून्य. पॉइंटर ६४-बिट मशीनवर ८ बाइटचाच. फंक्शनला अ‍ॅरे दिला तर आत पॉइंटरच पोचतो, तेव्हा बफरची (त्या जागेची) साइझ वेगळी पाठवा.

पॉइंटर नंतर ‘सातारा’कडे वळवता येतो, अ‍ॅरेत मजकूर कॉपीच करावा लागतो, तोही जागा पुरत असेल तरच.