फ्रेडरिक्सबर्ग की न्यू ब्राउनफेल्स?

टेक्सासमधली ही दोन्ही गावं जर्मन वसाहतकारांनी वसवली: न्यू ब्राउनफेल्स १८४५ साली, फ्रेडरिक्सबर्ग १८४६ साली. जर्मन पद्धतीचे सॉसेज आणि बेकरीचे पदार्थ दोन्हीकडे मिळतात.

माझा कौल फ्रेडरिक्सबर्गला, तो एन्चांटेड रॉकमुळे. गुलाबी ग्रॅनाइटचा हा घुमट भोवतालच्या जमिनीपासून सुमारे १३० मीटर उंच आहे. सकाळी लवकरच चढा. नंतर खडक तापतो आणि वर सावली जवळजवळ नाहीच. वसंतात ब्लूबॉनेटची निळी फुलं, उन्हाळ्यात रस्त्याकडेला पीच विकायला. पीच आइस्क्रीम खाल्ल्याशिवाय निघू नका!

न्यू ब्राउनफेल्सला जायचं ते पाण्यासाठी. झऱ्यांवर पोसलेली कोमॅल नदी जेमतेम चार किलोमीटरची, पाणी वर्षभर साधारण २२ अंश. दिवसा ट्यूबवर तरंगायचं, संध्याकाळी १८७८ च्या ग्रीन हॉलमध्ये गाणी ऐकायची. मुलं बरोबर असतील तर इथंच जा, फक्त उन्हाळ्यातले शनिवार-रविवार टाळा.