गूगल फॉर्म्सची क्विझ: तपासणी झटपट, पारख बेताची

बहुपर्यायी प्रश्न आपोआप तपासून मिळतात, एवढ्यापुरतं हे साधन चोख. खरी गोची चेकबॉक्सच्या, म्हणजे एकाहून अधिक पर्याय निवडायच्या प्रश्नात. ३ बरोबर पर्यायांपैकी २ निवडले तरी शून्य. अर्धवट गुण हवेत तर प्रतिसादांत जाऊन हाताने द्यायचे. लघुत्तरातही तेच. उत्तरसूचीत 'प्रकाशसंश्लेषण' आणि मुलाने 'प्रकाश संश्लेषण' लिहिलं, की चूक! म्हणून चालतील ती सगळी रूपं आधीच भरून ठेवा. गुण लगेच जाहीर करू नका, तपासून नंतर देण्याचा पर्याय निवडा. त्यासाठी ईमेल मात्र गोळा करावे लागतात. चुकीच्या उत्तराला अभिप्राय जोडायची सोय झकास आहे, पण तिकडे फारसं कुणी ढुंकूनही पाहत नाही. निबंध? ते आपले वाचूनच तपासा.