एकच गाडी, दोन इंजिनं: दाजींनी कुठलं घ्यावं?

दाजींना क्रेटा घ्यायचीय. घोडं अडलंय ते इंजिनापाशी. एकीकडं 1.5 एमपीआय, म्हणजे पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर मारणारं, 115 पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). दुसरीकडं 1.5 टर्बो जीडीआय, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरात मारणारं डायरेक्ट इंजेक्शन, 160 पीएसचं. टेस्ट ड्राइव्हला टर्बो चालवून आले आणि तेव्हापासून ‘लई पळतीया’ एवढंच पालुपद. पळतेच, वाद नाही. पण दाजींची गाडी पळणार कुठं? कोल्हापुरातच, नागाळा पार्कातनं राजारामपुरीतल्या दुकानात, दुपारी जेवायला घरी, परत दुकान, संध्याकाळी फार तर रंकाळा. एका दमात तीन-चार किलोमीटर. महिन्या-दोन महिन्यातनं एकदा पुणं.

मी मध्ये तोंड घालतोय, कारण माझी गाडी डायरेक्ट इंजेक्शनची आहे आणि तिनं मला धडा शिकवलाय. 60,000 किलोमीटर झाल्यावर सकाळच्या पहिल्या स्टार्टला मिनिटभर थरथरायची, मिसिंग मारायची, तापली की गुमान चालायची. थंडीत जास्तच. पुढं ॲव्हरेजही उतरलं. उद्यमनगरातल्या मेकॅनिकनं इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) उतरवून आत टॉर्च मारला. हवा आत सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हची दांडी आणि पाठ दिसतच नव्हती. वर काळा, खरबरीत, कुठं कुठं ओलसर थर. स्क्रूड्रायव्हरनं टोकरल्यावर खपली निघाली. गुऱ्हाळात काहिलीच्या बुडाला करपून बसतं ना, तसंच.

हे होतं कशानं? एमपीआयमध्ये इंजेक्टर पेट्रोल मारतो इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर, साधारण 3-4 बार दाबानं. त्यामुळं व्हॉल्व्ह सतत धुतला जातो. जीडीआयमध्ये इंजेक्टर थेट सिलिंडरात, 200 बार आणि त्याहून जास्त दाबानं फवारतो. पेट्रोल आतच वाफ होतं, हवा गार करतं, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) टळतं. म्हणून लहान इंजिनातनं एवढी ताकद काढता येते. पण व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा थेंब लागत नाही. क्रँककेसमधनं (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातनं) येणारी ऑइलची वाफ तापलेल्या व्हॉल्व्हवर बसते आणि भाजून घट्ट होते. छोट्या फेऱ्यांत ऑइल नीट तापत नाही, त्यातलं पाणी आणि कच्चं पेट्रोल उडून जात नाही, म्हणून हा कारभार आणखी वाढतो. म्हणजे दाजींचा रोजचा रस्ता जीडीआयला अगदी न मानवणारा.

साफ करायचं म्हटलं तर बाजारात चार वाटा आहेत. टाकीत ओतायची बाटली इंजेक्टरचं टोक साफ ठेवते, पण तिचं पेट्रोल व्हॉल्व्हपर्यंत जातच नाही. हायड्रोजनच्या मशीनवर माझा विश्वास नाही: जळण होतं सिलिंडरात, व्हॉल्व्ह बंद असताना, आणि आपली खपली असते व्हॉल्व्हच्या बाहेरच्या अंगाला. इनटेकमधनं मारायचा स्प्रे थर कोवळा असताना थोडं काम करतो. जाड थराला नको, मोठा तुकडा सुटून टर्बोकडं गेला तर महागात पडेल. चौथी वाट अक्रोडाची, मी तीच धरली. टरफलांचा भरडा हवेच्या दाबानं व्हॉल्व्हवर मारायचा आणि सोबत व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचा. टरफल धातूपेक्षा मऊ, त्यामुळं व्हॉल्व्हला ओरखडा नाही. शेजारी उभा असलेला फाउंड्रीवाला मित्र म्हणाला, ‘आम्ही कास्टिंगला शॉट ब्लास्टिंग करतो, त्यातलंच की हे!’ अगदी तेच. फक्त ज्या सिलिंडरचं काम चाललंय, त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह पक्के बंद आहेत ना, हे इंजिन फिरवून आधी बघायला लागतं. भरडा आत गेला तर खेळ खलास. जो मेकॅनिक हे न विचारता सांगतो, त्याच्याकडंच गाडी द्या. दर ठरवताना मॅनिफोल्डचं नवं गॅस्केट धरून विचारा.

एमपीआयला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. थ्रॉटल बॉडी (हवा कमीजास्त करणारी झडप) अधूनमधून पुसली की झालं. सर्व्हिसला गेल्यावर कुणी हा थर काढायचं ‘डीकार्बन पॅकेज’ गळ्यात मारायला लागलं तर हात जोडा. पुढंमागं सीएनजी बसवायचा विचार असेल तरी एमपीआयच बरं. जीडीआयचा इंजेक्टर आगीच्या तोंडाशी असतो, त्याला गार ठेवायला थोडं पेट्रोल चालूच ठेवायला लागतं. हायवेला ओव्हरटेक करताना मात्र एमपीआय गियर मागतं आणि ओरडतं. कराडच्या पुढं ट्रकांच्या रांगेत दाजींना हे जाणवणार.

नावावर जाऊ नका, एवढं ध्यानात ठेवा. टर्बो म्हणजे जीडीआयच असं काही नाही. नेक्सॉनचं 1.2 टर्बो पेट्रोल एमपीएफआय, म्हणजे एमपीआयच आहे. एक्सयूव्ही 3एक्सओमध्ये 111 पीएसचं टर्बो एमपीएफआय आहे आणि 131 पीएसचं टीजीडीआय, म्हणजे टर्बो जीडीआय. मारुतीचं ड्युअलजेट ऐकायला भारी वाटतं, पण ते पोर्ट इंजेक्शनच (एमपीआयसारखं, व्हॉल्व्हच्या बाहेर पेट्रोल मारणारं), बूस्टरजेट मात्र डायरेक्ट. टोयोटानं डी-4एसमध्ये दोन्ही इंजेक्टर एकाच इंजिनात बसवून हा प्रश्नच मिटवला, पण ते दाजींच्या यादीत नाही.

माझा कौल सरळ आहे. आठवड्यातनं दोनदा पुणं-बेळगाव करणाऱ्यानं टर्बो बिनधास्त घ्यावं. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच टाकावं, कंपनी 10,000 किंवा 15,000 म्हणत असली तरी थोडं आधीच बदलावं, आणि कधी ना कधी अक्रोडाचं बिल येणार हे गृहीत धरावं. हायवेला ताणून चालवली की आतलं सगळं जळून जातं, असं सांगणारे भेटतील. व्हॉल्व्हवर भाजून बसलेला थर तसा निघत नाही. आणि दुकान-घर-रंकाळा एवढाच फेरा असेल तर एमपीआय.

दाजींना हे सगळं एका रविवारी पांढऱ्या रश्श्याच्या वाटीसमोर बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. परवा फोन आला, ‘ते अक्रोडाचं काम तुम्हाला कितीला बसलं म्हणालात?’ म्हणजे टर्बोच घेणार.