अकरा किलोंत तीन किलो हवा: वसईहून म्वान्झाला पाठवलेलं पार्सल

परदेशात खाऊ पाठवणाऱ्या या कुरिअरवाल्याला पाचपैकी तीन तारे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण गल्ल्यावर बसणारा मुलगा माझा विद्यार्थी होता. सातवीत त्याला मी मराठीत जेमतेम पास केलं होतं, आणि आता तो मला हिशेब शिकवतो. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला अशी चार-पाच दुकानं आहेत, सगळ्यांचं काम साधारण एकाच पद्धतीनं चालतं. तेव्हा अनुभव कुणालाही उपयोगी पडेल.

पार्सल कुणाला, ते आधी सांगते. माझी पुतणी आणि तिचा नवरा टांझानियात म्वान्झा इथं आहेत. व्हिक्टोरिया सरोवराकाठचं मोठं शहर. दोघं अमेरिकेत नोकरी करत होते, ती नर्स. मग एक दिवस फोन आला की नोकरी सोडतोय, मिशनरी म्हणून जातोय. माझ्या जाऊबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे धर्मभगिनी होणार? मग जावयाचं काय?" तर तसं काही नाही. ते प्रापंचिक मिशनरी. व्रतं नाहीत, झगा नाही. नवरा-बायको, पोरंबाळं असली तर तीही, सगळ्यांनी मिळून जायचं. 'मेरीनोल ले मिशनर्स' ही त्यांची संस्था, अमेरिकेतल्या मेरीनोल या कॅथलिक मिशनच्या फादर-सिस्टरांच्या कुटुंबातलीच, पण 1994 पासून स्वतंत्र. पहिला करार साडेतीन वर्षांचा. न्यूयॉर्कजवळ हडसन नदीकाठी ऑसिनिंगला तयारी करून घेतात, गळ्यात क्रूस घालतात आणि पाठवतात. म्वान्झाला जायच्या आधी मुसोमाजवळ मकोको नावाची भाषाशाळा आहे, तिथं दोघं स्वाहिली शिकली. तिथून तिनं मला पहिला निरोप पाठवला तो असा: "काकू, इथं गाडीला गारी म्हणतात, दुकानाला दुका, विम्याला बिमा आणि पैशाला पेसा. अर्धी भाषा मला येतेच."

राहायची जागा, विमा, महिन्याचा बेताचा खर्च हे संस्था बघते. पण त्यामागे पैसा उभा करायला माणसं लागतात, आणि ती माणसं म्हणजे पाठवणारा समाज. तिच्या अमेरिकेतल्या चर्चची मंडळी डॉलर देतात. आम्ही वसईकर काय देणार? खाऊ.

आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे एकाच चर्चच्या, आम्ही दहा बायका एकत्र आलो. दहाच का, तर ती युक्ती जुनी आहे आणि ती काढणारीसुद्धा प्रापंचिकच होती. फ्रान्समध्ये लिआँ शहरात पोलीन जारिको नावाची रेशीम कारखानदाराची मुलगी होती. तिनं कामगार बायकांचे दहा-दहाचे गट केले. प्रत्येकीनं आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी फुटकळ नाणं द्यायचं, गटप्रमुखानं गोळा करायचं, दहा गटांनी मिळून वर द्यायचं. त्यातून 1822 साली धर्मप्रसाराची संस्था उभी राहिली आणि शंभर वर्षांनी, 1922 ला, रोमनं ती आपल्याकडे घेतली. ऑक्टोबरातल्या मिशन रविवारी आपण पाकिटात जे टाकतो, त्याचा उगम त्या सूमध्ये आहे. स्वतः पोलीन मात्र एका कारखान्याच्या व्यवहारात फसली आणि 1862 मध्ये कर्जात, अगदी गरिबीत वारली. धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, व्हायला तिला 2022 उजाडलं. बायकांचा हिशेब असाच उशिरा चुकता होतो.

आम्ही आठवड्याला प्रत्येकी 50 रुपये ठरवले. म्हणजे आठवड्याचे 500. जारिकोच्या गटांत मिशनऱ्यांच्या पत्रांचा अंक दहाजणींत एकच यायचा, हातोहात फिरायचा. आमच्याकडेही पुतणीचं पत्र मी छापून घेते, कारण दोघींना मोबाईलवर वाचता येत नाही आणि एकीला येतं पण ती वाचत नाही.

एकवीस आठवड्यांनी 10,500 झाले आणि नाताळचं पार्सल ठरलं. पुतणीनं दोनच गोष्टी मागितल्या होत्या: बॉटल मसाला आणि भिंतीवरचं मराठी कॅलेंडर. आम्ही दहाजणी. तुम्हाला वाटतं दोन वस्तूंवर थांबलो असू? एकीनं सुकट आणली. एकीनं सुकेळी, राजेळी केळ्यांची, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. तांदळाचे पापड आले. कलकल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड खाऊ, दोन डबे आले. ते मी स्वतः केले, फणीच्या पाठीवर एकेक वळून, संध्याकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत.

आता दुकानाबद्दल.

चांगलं आधी. पत्त्यात फक्त पोस्ट बॉक्स नंबर होता. तिकडे टपाल घरोघर येत नाही, पेटीतच पडतं. माझ्या विद्यार्थ्यानं पत्ता बघताच सांगितलं, "बाई, पेटीवर कुरिअर जात नाही. तिचा फोन नंबर आणि जवळची खूण द्या." म्वान्झातली खूण वसईत बसून मी कुठून देणार? त्यानं तिथल्या तिथं पुतणीला फोन लावला, तिनं इंग्रजीत, त्यानं त्याच्या इंग्रजीत, आणि एका पेट्रोल पंपाजवळचं लाल फाटक नक्की झालं. आधार कार्डाची प्रत, वस्तूंची यादी, प्रत्येक वस्तूची किंमत, सगळं त्यानं भरून दिलं. पॅकिंगही पक्कं. याचे दोन तारे तिथंच दिले.

सुकट घेतली नाही. सुकी मासळी बंद, वास सुटतो, बाकीची पार्सलं खराब होतात. सुकटवाली तिथंच फुगून बसली. मग मसाल्याची बाटली. काच चालणार नाही म्हणाला. उन्हाळ्यात भाजून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरलेला मसाला प्लास्टिकच्या पिशवीत ओतायचा? आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंनी विचारलं, "मग त्याला काय पिशवी मसाला म्हणायचं?" पण ओतला. दोनदा पॅक करून, वर चिठ्ठी लावून. दुकानात शिंकांचा असा गजर झाला की बाहेरचा रिक्षावाला डोकावून गेला.

मग वजन. काट्यावर 8 किलो 100 ग्रॅम. मी मनात गुणाकार केला, किलोला 950 प्रमाणे. पण त्यानं टेप काढली. लांबी 45 सेंटिमीटर, रुंदी 35, उंची 35. तिन्हीचा गुणाकार, भागिले 5000. उत्तर 11 किलो आणि वर 25 ग्रॅम. "बाई, विमानात जागेचे पैसे असतात. काट्याचं वजन आणि मापाचं वजन, जे जास्त ते धरायचं. तुमच्या खोक्यात तीन किलो हवा आहे." वरचे 25 ग्रॅम त्यानं सोडून दिले, गुरुदक्षिणा समजून. बिल 10,450. हवा कशानं भरली होती? पापडांनी आणि माझ्या कलकलांच्या डब्यांनी. घरी मोठा खोका मिळाला म्हणून आम्ही मोठा खोका आणला होता, एवढंच त्याचं कारण. हे गणित तो फोनवर आधी सांगू शकला असता. एक तारा तिथं गेला.

दुसरा गेला तो पुढच्या पंचवीस दिवसांत. 4 डिसेंबरला पार्सल दिलं, आठ दिवस लागतील म्हणाला. ट्रॅकिंगवर मुंबई, मग दुबई, मग दार एस सलाम, आणि तिथं बारा दिवस गाडी हलेना. दुकानात फोन केला तर "बाई, बघतो." पुन्हा केला तर उचलला नाही. तिकडे कस्टमनं पुतणीकडून 75,000 शिलिंग भरून घेतले, आपले साधारण अडीच हजार. घेणाऱ्याला असा भुर्दंड पडू शकतो, हे आमच्याकडून पैसे घेताना कुणी बोललं नव्हतं. मिशनरी पोरीला भेट पाठवायची आणि तिच्याच खिशातून सोडवून घ्यायला लावायची, याची लाज वाटली. गटातली एक म्हणाली, "आपला गोन्सालो गार्सिया जपानला गेला तेव्हा कोण होतं पार्सल पाठवायला?" खरं आहे. वसईत जन्मला, जेझुइटांबरोबर जपानात धर्मशिक्षण दिलं, मध्ये व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला, 1597 ला नागासाकीत क्रूसावर गेला. त्याच्या आईनं काय पाठवलं असेल, असा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

29 डिसेंबरला लाल फाटकाशी पार्सल पोचलं. नाताळ हुकला. कलकलांचा चुरा झाला होता. शेजारच्या मुलांनी तो दुधाच्या चहात टाकून चमच्यानं खाल्ला म्हणे. मसाला सुखरूप. कॅलेंडर आम्ही चार घड्या घालून ठेवलं होतं, ते भिंतीवर चौकटीचौकटीचं दिसतं. सुकेळ्यांबद्दल ती एवढंच लिहिते की इथं केळ्यांचे ढीग असतात, पण वाळवलेली कुणी खात नाही. आणि सोबत बाजाराचा एक फोटो. ताडपत्रीवर पसरलेली चांदीसारखी बारीक सुकी मासळी, सरोवरातली. दागा म्हणतात. "काकू, ही आपली सुकटच. मापट्यानं मिळते." फोटो मी गटात टाकला. सुकटवालीनं अंगठा दाखवला आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

फेब्रुवारीत दुसरं पार्सल केलं, त्याच दुकानातून, कारण दुसरीकडे लाल फाटक पुन्हा समजावून सांगायचा कंटाळा आला. या वेळी कस्टमचं आधी विचारून घेतलं, तिकडे किती पैसे लागतील ते पुतणीला कळवलं आणि तेवढे वेगळे काढून ठेवले. खोका लहान, 30 बाय 20 बाय 20. आत मसाला, तिनं मागितलेली दोन मराठी पुस्तकं आणि एक सुती साडी, पडद्यासाठी. घरच्या काट्यावर 3 किलो 200 भरलं. दुकानात 3 किलो 700. मी म्हटलं, तुझा काटा तपासून घे. त्यानं खोका उघडला. साडीच्या घडीत सुक्या पानात बांधलेली सुकेळी होती.

कुणी ठेवली ते मला कळलं. मी चार किलोचे पैसे भरले.