सवय, वेळ आणि धंदा : पाच पुस्तकांपैकी आधी कोणते वाचावे?

वर्षभरात चार-पाच पुस्तकांपलीकडे सवड न मिळणारा नोकरदार किंवा छोटा उद्योजक जेव्हा ‘कोणते पुस्तक घेऊ?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्या हाती पन्नास नावांची यादी ठेवल्याने त्याचे काम सोपे होत नाही. म्हणून या आढाव्यात पाचच पुस्तके घेतली आहेत. वैयक्तिक शिस्तीसाठी स्टीफन कोव्ही यांचे ‘द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह पीपल’ (१९८९) आणि जेम्स क्लिअर यांचे ‘ॲटॉमिक हॅबिट्स’ (२०१८). व्यवसायासाठी जिम कॉलिन्स यांचे ‘गुड टू ग्रेट’ (२००१) आणि एरिक रीस यांचे ‘द लीन स्टार्टअप’ (२०११). आणि या दोन्ही गटांच्या सीमेवरचे पीटर ड्रकर यांचे ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ (१९६७). ही पुस्तके एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. आपले काम नेमके जिथे अडले आहे त्या जागेविषयीचे पुस्तक आधी वाचावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते कुठे अडले आहे हे कोणत्याही पुस्तकाच्या खपावरून कळत नाही.

कोव्ही आणि क्लिअर या दोघांच्याही शीर्षकात ‘हॅबिट’ हा शब्द असल्यामुळे वाचकाची पहिली गफलत तिथेच होते. कोव्ही ज्यांना सवयी म्हणतात त्या खरे तर वागण्यामागच्या भूमिका आहेत. पहिल्या तीन स्वतःवर ताबा मिळवण्याविषयी आहेत, पुढच्या तीन इतरांशी होणाऱ्या व्यवहाराविषयी आणि सातवी शरीर, मन व बुद्धी यांची निगा राखण्याविषयी. आपल्याला ज्यांची काळजी वाटते अशा गोष्टी कोणत्या आणि ज्यांवर आपला काही प्रभाव चालतो अशा कोणत्या, हे वेगळे करण्यापासून ते सुरुवात करतात. कामांची तातडी आणि महत्त्व या दोन कसोट्यांवर चार गटांत विभागणी करून, महत्त्वाची पण तातडी नसलेली कामे आठवड्याच्या आखणीत आधी बसवायला ते सांगतात. क्लिअर यांचा प्रश्न याच्या कितीतरी पुढच्या टप्प्यावरचा आहे. काय करायचे हे ठरले आहे, तरी हातून होत नाही, असे त्यांनी गृहीत धरलेले आहे. त्यावर त्यांचे उत्तर असे, की चांगल्या सवयीची खूण डोळ्यांसमोर ठेवा, ती हवीशी वाटेल असे करा, करायला सोपी करा आणि केल्यावर लगेच समाधान मिळेल अशी सोय करा. नवी सवय सुरुवातीला दोन मिनिटांत उरकेल इतकी लहान ठेवावी, हा त्यांचा नियम तर पुस्तक न वाचताही वापरून पाहता येतो.

दोन्हींतला फरक प्रत्यक्ष अडचणीवर लावून पाहिला की निर्णय सोपा होतो. रोजचा हिशेब लिहायचा असे ठरवूनही महिनाअखेरीस बिलांचा गठ्ठा घेऊन बसणाऱ्या दुकानदाराला कोव्ही वाचून फारसे हाती लागणार नाही. गल्ल्याशेजारी वही उघडी ठेवणे आणि शटर ओढण्यापूर्वी एक तरी नोंद करणे, हा क्लिअर यांच्या पद्धतीचा उपाय त्याला पुरेसा आहे. याउलट भावाभावांच्या भागीदारीत चालणाऱ्या धंद्यात हिशेबाची वही चोख असूनही दर सणाला वाद होत असेल, तर तिथे दोन मिनिटांचा नियम काय करणार? आपले म्हणणे मांडण्यापूर्वी समोरच्याचे त्याला समाधान वाटेपर्यंत समजून घ्यावे, ही कोव्ही यांची पाचवी सवय अशा घरासाठी आहे, आणि माझ्या मते त्यांच्या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भागही तोच आहे.

उणिवा दोन्हींत आहेत. दररोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षअखेरीस माणूस सुमारे ३७ पट चांगला होतो, हे क्लिअर यांचे गणित चक्रवाढ व्याज म्हणून बरोबर असले, तरी माणसाचे कौशल्य बँकेतल्या ठेवीसारखे वाढत नाही. ब्रिटिश सायकलपटूंच्या यशाची जी कथा ते सांगतात, तिच्यामागे बारीकसारीक सुधारणांइतकाच ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून आलेला पैसाही होता. सवय किती दिवसांत लागते, याविषयी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यात सरासरी ६६ दिवस आले, पण व्यक्तीनुसार आणि सवयीनुसार ही मुदत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेली होती. त्यामुळे ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे नेहमी ऐकू येणारे म्हणणे धरून, एकविसाव्या दिवशी ती लागली नाही म्हणून खचून जाण्याचे काहीच कारण नाही. कोव्ही यांचे पुस्तक मात्र संथ आहे. त्यातील उदाहरणे अमेरिकी कुटुंबांतली आणि कंपन्यांतली आहेत, आणि मधले लेखी अभ्यास वगळून ते भराभर वाचले तर उपदेशाखेरीज काही उरत नाही. दोन्ही पुस्तके मराठी अनुवादात मिळतात. क्लिअर यांची छोटी, सरळ वाक्ये इंग्रजीतही जड जात नाहीत, पण कोव्ही यांच्या बाबतीत, इंग्रजी वाचनाची सवय नसेल तर अनुवादच घ्यावा.

व्यवसायाच्या पुस्तकांकडे वळताना लेखकाने आपले निष्कर्ष कशावरून काढले, हे आधी पाहिले पाहिजे. कॉलिन्स आणि त्यांच्या गटाने पाच वर्षे काम करून १,४३५ कंपन्यांच्या यादीतून ११ कंपन्या निवडल्या. निवडीची कसोटी कडक होती : आधी सर्वसाधारण कामगिरी, मग एक निश्चित वळण आणि त्यानंतरच्या १५ वर्षांत बाजाराच्या किमान तिप्पट परतावा. नम्र पण निश्चयी प्रमुख, आधी योग्य माणसे आणि मग दिशा, वस्तुस्थिती कितीही कटू असली तरी ती स्वीकारूनही शेवटच्या यशावरचा विश्वास न सोडणे, हे त्यांचे निष्कर्ष आजही वाचनीय आहेत. मात्र त्या अकरांपैकी सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानसाखळी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याच वर्षी फॅनी मे ही गृहकर्जांना पैसा पुरवणारी कंपनी अमेरिकी सरकारला आपल्या नियंत्रणाखाली घ्यावी लागली, आणि वेल्स फार्गो या बँकेचा ग्राहकांच्या नकळत उघडलेल्या खात्यांचा प्रकार २०१६ मध्ये गाजला. यशस्वी ठरलेल्या कंपन्या निवडून मग त्यांच्यात समान काय आहे ते शोधले, तर यशाची झळाळी प्रत्येक गुणावर पडते, हा आक्षेप फिल रोझेनझ्वाइग यांनी २००७ सालच्या ‘द हेलो इफेक्ट’ या पुस्तकात सविस्तर मांडला आहे. कॉलिन्स यांनीही २००९ मध्ये मोठ्या कंपन्या कशा कोसळतात यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. म्हणून ‘गुड टू ग्रेट’ मधले निष्कर्ष हमखास यशाचे सूत्र मानू नयेत. दहा-पंधरा वर्षे स्थिरावलेल्या आणि आता माणसांची निवड, वारसदार व पुढची दिशा ठरवणाऱ्या उद्योगाने स्वतःला विचारायचे प्रश्न म्हणून ते वाचावेत.

रीस यांचे पुस्तक याच्या उलट टोकाला आहे. ग्राहकाला काय हवे आहे हेच अजून माहीत नसताना काय करावे, याचे ते पुस्तक आहे. स्वतःच्या कंपनीत ग्राहकांना नको असलेली सुविधा तयार करण्यात सहा महिने कसे गेले, हे ते मोकळेपणाने सांगतात, आणि म्हणूनच कमीत कमी खर्चात लोकांसमोर ठेवता येईल असे पहिले रूप बनवून, लोकांच्या वागण्यावरून शिकून, मग पुढचे पाऊल टाकण्याचा त्यांचा आग्रह पटतो. त्यांचे एक उदाहरण आपल्याकडचेच आहे. कपडे धुण्याच्या सेवेला मागणी आहे का, हे पाहण्यासाठी एका गटाने बंगळुरूच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पिकअप ट्रकवर घरगुती धुलाई यंत्र बसवून चाचणी घेतली. कपडे प्रत्यक्षात दुसरीकडे धुतले जात होते, यंत्र फक्त दिसण्यासाठी होते. ट्रक आपले कपडे घेऊन निघून जाईल अशी भीती लोकांना वाटते, त्यांना इस्त्रीही हवी असते आणि चोवीस तासांऐवजी चार तासांत कपडे मिळणार असतील तर ते दुप्पट पैसे द्यायला तयार असतात, हे त्या गटाला ८,००० डॉलरपेक्षा कमी खर्चात कळले. मसाले, पापड, तयार पिठे किंवा शिकवणी वर्ग सुरू करू पाहणाऱ्याला हे उदाहरण जितके उपयोगी पडेल, तितके मोठ्या अमेरिकी कंपन्यांचे एकही प्रकरण पडणार नाही. तरीही एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये चूक स्वस्तात दुरुस्त होते, पण साचे, यंत्रे किंवा अन्नपदार्थांचे परवाने यांत पैसा आधीच अडकतो आणि कच्चे रूप ग्राहकासमोर ठेवणे कधी कधी धोक्याचेही असते. तिथे रीस यांचा विचार घ्यावा, पण गती आपली आपण ठरवावी.

एकच पुस्तक घ्यायचे असेल, तर मी ड्रकर यांचे सुचवेन. ते या पाचांत सर्वांत जुने आहे, त्यातली उदाहरणेही जुन्या काळची आहेत, आणि प्रेरणा देण्याचा प्रयत्न त्यात अजिबात नाही. ज्याच्या निर्णयांचा संस्थेच्या कामावर परिणाम होतो तो प्रत्येक जण त्यांच्या लेखी या पुस्तकाचा वाचक आहे. त्यामुळे सरकारी कार्यालयातला अभियंता, शाळेचे मुख्याध्यापक आणि दहा माणसांच्या वर्कशॉपचा मालक हे सगळे त्यात येतात. आपला वेळ कुठे जातो, आपल्याकडून नेमके कोणते योगदान अपेक्षित आहे, कोणाची बलस्थाने कशी वापरता येतील, आधी काय हाती घ्यावे आणि निर्णय कसा घ्यावा, एवढ्याच पाच गोष्टींवर ते बोलतात. हे काम केलेच नाही तर काय बिघडेल, हा त्यांचा प्रश्न मला कोव्ही यांच्या चार गटांहून अधिक धारदार वाटतो.

ड्रकर यांची पहिली सूचना कोणतेही पुस्तक विकत घेण्याआधीच अमलात आणता येते. वर्षातून दोनदा तरी, सलग तीन-चार आठवडे, आपला वेळ कशात गेला याची नोंद त्या त्या क्षणी करावी, रात्री आठवून करू नये, असे ते सांगतात. अशी नोंद ठेवल्यावर ठरवलेली कामे रोज पुढे ढकलली गेलेली दिसली तर क्लिअर घ्यावेत. माणसांची समजूत काढण्यात दिवस संपत असतील तर कोव्ही, माणसे निवडण्यात आणि बदलण्यात वर्षे जात असतील तर कॉलिन्स, आणि कोणी मागितलेला नाही असा माल तयार करण्यात तास जात असतील तर रीस.