सीएचएफएन की युजरमॉड मायनस सी?

लिनक्सवर एखाद्या युजरच्या नोंदीतलं फोन एक्स्टेन्शन किंवा खोली क्रमांक बदलायचा, तर हाताशी दोन कमांड असतात: सीएचएफएन आणि युजरमॉड (त्याचा मायनस सी हा पर्याय). दोन्ही शेवटी पासडब्ल्यूडी फाइलच्या, म्हणजे युजरांच्या यादीच्या, पाचव्या रकान्यातच लिहितात; नाव, खोली, फोन आणि 'इतर' तिथे स्वल्पविरामांनी वेगळे करून ठेवलेले असतात. (त्याला अजून जीईकॉस म्हणतात. बेल लॅब्समधली काही सुरुवातीची युनिक्स मशिनं छपाईची कामं त्या नावाची सिस्टिम चालवणाऱ्या मशिनकडे पाठवत. तिथली ओळख ठेवायला हा रकाना होता. नाव उरलं, काम बदललं.)

सीएचएफएन वागायला सभ्य. नुसती कमांड दिली की एकेक गोष्ट विचारते, जुनं काय आहे ते दाखवते, बदलायचं नसेल तर एंटर मारायचं. डेबियनवर साधा युजरही आपला फोन आणि खोली स्वतः बदलू शकतो. नाव मात्र नाही, कारण लॉगिन डॉट डेफ्स या सेटिंग फाइलमधल्या सीएचएफएन रिस्ट्रिक्टच्या (साध्या युजरला काय बदलता येईल ते सांगणाऱ्या) अक्षरांत नावाचा 'एफ' मुळात घातलेला नसतो.

युजरमॉड असले लाड करत नाही. रूट, म्हणजे प्रशासकाचा अधिकार, लागतो, आणि मायनस सी पुढे जे द्याल तो अख्खा रकाना. नुसता फोन दिलात तर नाव गेलं. मी एकदा घालवलंय.

एवढं असूनही मी युजरमॉडकडे वळलो, ते सीएचएफएनच्या मायनस ओ या पर्यायामुळे. आमच्याकडे फेडोरा आणि डेबियन या दोन्ही कुळांची मशिनं आहेत. फेडोराच्या सीएचएफएनमध्ये मायनस ओ म्हणजे ऑफिस. डेबियन 12 वर तोच मायनस ओ म्हणजे 'इतर', आणि खोलीसाठी मायनस आर. ऑफिसच्या फोनचंही तसंच: फेडोरावर मायनस पी, डेबियनवर मायनस डब्ल्यू. पण मायनस पी चुकीच्या ठिकाणी दिला तर कमांड निदान ओरडते. मायनस ओ दोन्हीकडे निमूट चालतो. लोकांच्या बसायच्या जागा बदलल्या तेव्हा मी रूट होऊन मायनस ओ वापरणारा एकच लूप सगळीकडे फिरवला. एकही एरर नाही. निम्म्या मशिनांवर नव्या खोल्या 'इतर'मध्ये जाऊन पडल्या आणि फिंगर (युजरची माहिती दाखवणारी कमांड) जुन्याच दाखवत राहिला. कळायला पंधरवडा लागला.

तुमचा एकच लॅपटॉप असेल, किंवा सगळी मशिनं एकाच कुळातली असतील, तर सीएचएफएन सोडायचं कारण मला तरी दिसत नाही. पण मिसळ असेल तर युजरमॉड उद्धट असला तरी सगळीकडे सारखाच उद्धट आहे. मी आधी गेटएंट या कमांडने त्या युजरची जुनी ओळ काढतो, पाचवा रकाना उचलतो, हवं तेवढंच बदलतो आणि अवतरणचिन्हांत परत देतो. आत कोलन चुकून आलाच तर कमांड घेतच नाही. स्वल्पविराम मात्र आपले आपणच मोजायचे: खोली रिकामी असली तरी तिचा स्वल्पविराम राहू द्या, नाहीतर फोन नंबर सरकून खोलीत जाऊन बसतो.